माईंचं द्राक्षारिष्ट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शेजारच्या जोनला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तरी हरकत नाही. पन्नाशी उलटली की लोकांची भीती जाते — निदान माझी तरी गेली. ती राहिली असती तर बरं झालं असतं, असं वाटणारे आमच्या मंडळात पुष्कळ आहेत.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी घरी दारू करते. इथल्या बायका तिला लिकर म्हणतात, कॉर्डियल म्हणतात. मी दारूच म्हणते. गाळते मात्र म्हणू नका. भट्टी नाही, काही नाही. जिन दुकानातून आणते, तिच्यात रानातली फळं आणि साखर घालते आणि लोणच्यासारखी मुरवत ठेवते. मंडळातल्या बायका हे ऐकून नाकं मुरडतात, आणि ख्रिसमस जवळ आला की नवऱ्याच्या साहेबाला द्यायला माझ्याकडूनच बाटली नेतात. न्या की. माझी ना नाही. पण ह्याची मला लाज वाटत असेल असं समजून पुढे वाचू नका. मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची.

आम्ही मेडनहेडला घर घेतलं ते सत्तरच्या दशकात. अरविंद — माझा नवरा — हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मी मुळशीकडची. करवंदांच्या जाळीत हात घालून, ओरखडे काढून घेऊन मोठी झालेली. आणि इथे आले तर काय, भाज्यासुद्धा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मग पहिल्याच सप्टेंबरात जोन मला थेम्सकडच्या शेतांवर फिरायला घेऊन गेली. इथे शेताला कुंपण म्हणून झुडपंच लावतात — उंच, दाट, काटेरी. त्यांत ब्लॅकबेरी, एल्डरबेरी, आणि एका काळ्या काटेरी फांदीवर बारकी, निळीकाळी, पांढरट लव असलेली फळं. मी म्हटलं, करवंदंच की! आणि टाकलं एक तोंडात. अशी जीभ आवळून आली की बोलता येईना. जोन पोट धरून हसली. ते स्लो. ते असे खायचे नसतात. पहिल्या थंडीपर्यंत थांबायचं, मग एकेकाला टोचायचं, बरणीत भरायचं, साखर घालायची, जिन ओतायची आणि जिन्याखालच्या कपाटात अंधारात ठेवायचं. रोज एकदा हलवायचं. नाताळपर्यंत माणकासारखा रंग येतो. वर्षभर धीर धरलात तर चव अशी येते — जाऊ दे. ज्यांनी चाखली आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून उपयोग नाही.

जोनची एकच अट होती. कुठल्या कुंपणावरचे स्लो, ते कुणाला सांगायचं नाही. "आणि पाखरांनाही काही राहू दे, लव्ह," असं ती दर वर्षी म्हणायची. पाहा, आजही ते शेत कुठलं ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही. म्हणजे शब्द पाळायला मला येतं.

पुढे त्या दारूत मी माझं काही घालायला लागले. लवंग, वेलदोडा, सुंठेचा तुकडा, मूठभर काळ्या मनुका. गाळायला श्रीखंडाचं फडकं. ते कायमचं जांभळं झालं, आणि पुढच्या गुढीपाडव्याचं श्रीखंडही किंचित जांभळटच झालं. अरविंद टोपली धरायला यायचा. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक फळ टोचायचा. दिवसभर माणसांना टोचून आलेला माणूस, संध्याकाळी फळांना टोचायचा, आणि तितक्याच निगुतीनं. चाखायचा मात्र नाही. थेंबभरसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या ख्रिसमस पार्टीत सगळे कन्सल्टंट टायट झालेले असायचे आणि हा संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून उभा. लोक चिडवायचे. तो हसायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, "आय प्रॉमिस्ड माय मदर."

ते खरंच होतं. अरविंदचे वडील दारूत गेले. चांगला माणूस, कोर्टातली चांगली नोकरी, आणि शेवटची काही वर्षं अशी की माईंनी — म्हणजे माझ्या सासूबाईंनी — ती कधी कुणाला पुरती सांगितली नाहीत. वडिलांचं तेरावं झालं त्या दिवशी माईंनी दोन्ही मुलांना देव्हाऱ्यापुढे बसवलं आणि घरच्या पितळी बाळकृष्णावर हात ठेवायला लावून त्यांच्याकडून शपथ घेतली. आयुष्यात शिवणार नाही. अरविंद तेव्हा शाळकरी होता. त्यानं ती शपथ मेडिकल कॉलेजात पाळली, इंग्लंडात पाळली, आणि बायकोनं जिन्याखालचं कपाट बरण्यांनी भरलं तरी पाळली. मला कधी अडवलं नाही. "शपथ माझी आहे, तुझी नाही," म्हणाला होता.

मुद्द्यावर ये, असं म्हणत असाल. येते आहे. एवढ्या वर्षांनी येते आहे, तर जरा दमानं येऊ द्या.

माई आणि मी — कसं सांगू? भांडण नव्हतं. भांडण परवडलं असतं. माई माझ्याशी बोलतच नसत. मी नवऱ्याला अरे-तुरे करते, नावानं हाक मारते, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या दिवशी खटकलं ते खटकलंच. मी समोर उभी असले तरी निरोप अरविंदमार्फत. "तिला सांग, चहात साखर कमी घाल." मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. पुण्याला गेलो की महिनाभर मी त्या घरात 'ती' म्हणून वावरायची. लग्नाला सोळा-सतरा वर्षं झाली होती हो! सोळा-सतरा वर्षं एखाद्या घरात तुमचं नावच घेतलं जात नसेल तर काय होतं? मला विचारा. माणूस कडू होतो.

अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात माई पहिल्यांदा इंग्लंडला आल्या. सहा महिने राहणार होत्या. कारण मोठं होतं. घरचा बाळकृष्ण थोरल्या मुलाकडे सोपवायचा होता. तोच तो, शपथेचा. धाकटे भावोजी ठाण्याला होते, हाताशी होते, पण माई अडून राहिल्या होत्या. देव थोरल्याकडेच जाईल, मग तो कुठेही असो. विमानात त्यांनी तो रेशमी फडक्यात गुंडाळून मांडीवर धरून आणला. इकडे अरविंद उन्हाळाभर गराजमध्ये लाकूड कापत बसला होता. आयुष्यात हातोडा न धरलेला माणूस, देव्हारा करत होता! त्याचा एक पाय आखूड झाला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली. पण त्याचा आनंद बघायचा होता. आपल्या हातच्या देव्हाऱ्यात आपला देव येणार. माई म्हणाल्या, चातुर्मास संपू दे, दत्तजयंतीला स्थापना करू. तोवर देव त्यांच्या खोलीत, त्यांच्या डब्यात.

थंडी पडली आणि माईंना खोकला लागला. जेवणानंतर दोन-दोन चमचे द्राक्षारिष्ट घ्यायची त्यांची जुनी सवय. येताना एक बाटली आणली होती, ती दिवाळीच्या सुमाराला संपली. अरविंदला म्हणाल्या, "तिला विचार, इथे कुठे मिळेल का." मी तिथेच भाजी चिरत होते. अरविंद म्हणाला, वेम्बलीला आपल्याकडच्या दुकानांत मिळेल, ती शनिवारी जाऊन आणेल.

शनिवारी अरविंद ऑन कॉल होता. आणि मी वेम्बलीला गेले नाही.

मी ती रिकामी तपकिरी बाटली धुतली, लेबल भिजणार नाही इतक्या बेतानं, आणि तिच्यात आदल्या वर्षीची माझी स्लो जिन भरली. सुंठ-लवंगवाली. रंग तोच, दाटपणा जवळपास तोच. चांदीच्या छोट्या वाटीत दोन चमचे काढली, कोमट पाणी घातलं आणि त्यांच्यापुढे ठेवली.

का केलं? थंडीत त्यांची कीव आली म्हणून, असं लिहिलं तर छान दिसेल. लेबल वाचून दाखवता येईल — खऱ्या द्राक्षारिष्टातसुद्धा थोडा मद्यार्क असतोच, तो त्यावर छापलेला असतो, मग असा काय फरक पडला? नाही. मी सूड म्हणून केलं. ज्या बाईनं मला इतकी वर्षं नाव दिलं नाही, जिच्या शपथेपायी माझा नवरा चारचौघांत थट्टा सोसतो, ती माझ्या हातून माझी दारू पिते आहे — हे मला मनातल्या मनात बघायचं होतं. बघितलं. मजा वाटली. हे मी लपवणार नाही.

माईंनी वाटी संपवली. ओठ पुसले. आणि माझ्याकडे बघून — माझ्याकडे, अरविंदकडे नव्हे, तो घरातच नव्हता — म्हणाल्या, "आपल्याकडच्यापेक्षा चांगलं आहे गं. ऊब येते."

पुढचे पाच-सहा आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले आठवडे होते. हसू नका. दोन चमच्यांचे चार झाले, चाराची वाटी झाली. खोकला गेला, गुडघे वाकायला लागले, झोप लागायला लागली. जेवणानंतर आम्ही दोघी गॅसच्या शेकोटीपुढे बसायचो. माई लहानपणच्या गोष्टी सांगायच्या. शाळेच्या नाटकात मिशा लावून राजा झाल्या होत्या, ह्यावर त्या स्वतःच इतक्या हसल्या की आमची मुलगी जिन्यावरून धावत खाली आली — "आई, आजी किती चांगला हसते!" इथे वाढलेल्या पोरीचं मराठी ते. माईंनी तेही सुधारलं नाही. आणि एका संध्याकाळी, अगदी सहज, वाटी पुढे करत त्या म्हणाल्या, "नलू, आज जरा पाणी कमी घाल."

नलू. माझ्या माहेरचं नाव. त्यांना ते माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

तेव्हा सूड संपला. मला ती बाई आवडायला लागली होती आणि तिला मी. खोट्याच्या पायावर? हो, खोट्याच्या पायावर. मग? खरेपणानं आम्हाला काय दिलं होतं आधी?

दत्तजयंतीला थोडे दिवस उरले होते. स्थापनेच्या दिवशी माईंना देवापुढे ठेवायला लहानसा पाट हवा होता. देव्हाऱ्याच्या लाकडातली एखादी फळी उरली असेल, म्हणून मी बाजारात गेलेली असताना त्या स्वतः मागच्या शेडमध्ये गेल्या. लॉनमोअरच्या मागे एका खोक्यात माझ्या रिकाम्या बाटल्या होत्या. ऑक्टोबरच्या फळांना लागलेल्या जिनच्या. सुपरमार्केटपाशी बॉटल बँक असते, तिथे नेऊन टाकायच्या राहिल्या होत्या. माई जुन्या मॅट्रिक. लेबल वाचता येत होतं. आणि वास तर त्यांना वाचावाही लागला नसता.

मी आले तेव्हा त्या जेवणाच्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या आणि पुढ्यात एक रिकामी बाटली. माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही त्यांनी. बायका पितात, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. अरविंद हॉस्पिटलातून आला, कोट अंगावरच होता.

"हे कुणाचं, अरविंदा?"

अरविंदनं बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्याला अर्थातच ठाऊक होतं कुणाच्या बाटल्या त्या — त्यातली फळं त्यानंच, माई झोपल्यावर, टोचली होती. द्राक्षारिष्टाचं तेवढं त्याला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, मी बोलेन म्हणून. रागानं नाही, धाकानं नाही. नुसता वाट बघत होता.

एवढंच म्हणायचं होतं — माई, माझ्या आहेत. नाताळसाठी करते, लोकांना देते. चार शब्द.

मी नळ सोडला. सिंकमध्ये एक पातेलं होतं, स्वच्छ, घासलेलं, ते मी घासायला घेतलं.

पाण्याच्या आवाजात मागून अरविंदचं ऐकू आलं. "माझ्या आहेत, माई."

आता तुम्ही म्हणाल, घाबरलीस. मीही स्वतःला वर्षानुवर्षं तेच सांगत आले. बाटल्या माझ्या म्हटल्या असत्या तर माईंनी कपाट उघडायला लावलं असतं, बरण्या पाहिल्या असत्या, रंग ओळखला असता. आपण काय प्यायलो ते त्यांना कळलं असतं, त्यांचा जन्मभराचा नेम मोडला असं त्यांना वाटलं असतं. म्हणजे गप्प बसले ती त्यांच्यासाठीच, नाही का? किती सोयीचं! पण मी घाबरले नव्हते. मला सोडायचं नव्हतं. ते 'नलू' मला सोडायचं नव्हतं. दोघांपैकी एकालाच माईंची माया मिळणार होती, आणि मी ती मला ठेवली. त्याला जन्मापासून मिळाली होती, मला दीड महिना. मी मनात म्हटलं, आता माझी पाळी.

माई ओरडल्या नाहीत. "बापाचं रक्त," एवढंच म्हणाल्या. मग उठल्या, आणि खोलीच्या दारातून म्हणाल्या, "देव ह्या घरात राहायचा नाही."

आणि हे सगळं इथेच संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. खरी गोष्ट ह्याच्या पुढची आहे. तीच सांगायला बसले आहे.

त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखी त्यांची वाटी घेऊन खोलीत गेले. हो, गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर देवाचा डबा. त्यांनी माझा हात धरला आणि शेजारी बसवलं. रडत होत्या. म्हणाल्या, "नलू, किती सोसलंस गं. मला एका शब्दानं बोलली नाहीस. मी तुला नीट हाकसुद्धा मारली नाही, आणि तू माझ्या पोराचं झाकत बसलीस. मला विचार ते काय असतं. माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

मी काय केलं असेल? मी मान खाली घातली.

दारुड्याची बायको झाले मी. ज्यानं आयुष्यात एक थेंब घेतला नाही त्याची. डोळ्यांत पाणी आणायचीही गरज पडली नाही, ते आपसूक आलं. माईंनी ते पुसलं. मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आपल्या नवऱ्याविषयी कुणाला न सांगितलेलं मला सांगितलं. पलीकडच्या खोलीत अरविंद एकटा बसला होता. आणि बोलता बोलता माईंनी वाटी संपवली, पुढे केली आणि मी ती पुन्हा भरली.

झालं. हे ते. आता बाहेर आलं.

माई मार्चपर्यंत राहणार होत्या, जानेवारीतच गेल्या. अरविंदच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हत्या. हीथ्रोला तो पाया पडायला वाकला तर पाय मागे घेतले. मला मिठी मारली. बाळकृष्ण आला तसाच रेशमी फडक्यातून परत गेला आणि ठाण्याला धाकट्या भावोजींच्या घरी बसला. सामानात कपड्यांच्या घडीत ती तपकिरी बाटली होती, मी गळ्यापर्यंत भरून दिलेली.

पुढे दर रविवारी फोन. माई फक्त माझ्याशी बोलायच्या. अरविंद हॉलमध्ये शेजारी उभा राहून खुणा करायचा — गुडघा विचार, बीपीची गोळी विचार. मी विचारायची, उत्तर त्याला सांगायची. 'त्याला सांग' असा निरोपसुद्धा यायचा नाही. मला ते ओळखीचं वाटायला हवं होतं, नाही? मला वाटलंही. तरी मी एकाही रविवारी खरं बोलले नाही. शेकड्यानं रविवार होते.

आणि अरविंदनं मला कधीच विचारलं नाही. भांडला असता तर मी भांडले असते. भांडणात मी हार जाणारी नव्हे. पण पुढच्या सप्टेंबरात तो टोपली घेऊन दाराशी उभा राहिला. "चलायचं ना?" म्हणाला. जोन म्हणाली, तुझा नवरा हल्ली बोलत नाही फारसा. मी म्हटलं, काम फार असतं त्याला. तेही खोटंच.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यात भावोजींचा फोन आला. माई फार दिवस काढणार नाहीत, आणि अरविंदशी बोलायचं म्हणताहेत. त्याच्याशी! तो धावत जिना उतरला. मी शेजारी उभी होते. माईंचा आवाज बारीक झाला होता, पण लाइन इतकी स्वच्छ होती की शब्द बाहेर ऐकू येत होते.

"सोडलीस का रे?"

त्यानं एकदा डोळे मिटले. म्हणाला, "सोडली, माई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नलूला त्रास देऊ नकोस."

"नाही देणार."

तेव्हाही मी बोलले नाही. रिसीव्हर त्याच्या हातातून घेता आला असता. तोंड तिथून हातभर अंतरावर होतं.

त्याच आठवड्यात माई गेल्या. भावोजी भला माणूस. म्हणाले, दादा, आता देव तू घेऊन जा. अरविंद म्हणाला, "राहू दे तिकडेच. माईनं तुला दिलाय." त्यानं केलेला देव्हारा अजून आमच्या घरात आहे. रिकामा. पुठ्ठ्याच्या घडीसकट. दर दत्तजयंतीला तो फडक्यानं पुसतो आणि मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते.

माई गेल्यावर तर दुखवायचं कुणी उरलं नव्हतं. मग का नाही सांगितलं? कारण मला ते 'नलू' तेव्हाही ठेवायचं होतं. आजही आहे. तुम्हाला वाटेल, बाई पस्तावली आहे. दारू केल्याचा मला पस्तावा नाही. माईंना पाजल्याचाही नाही — रागवा, खुशाल रागवा. त्या शेकोटीपुढे त्या जशा हसल्या तशा चाळीस वर्षांत हसल्या नव्हत्या, हे त्यांनीच मला सांगितलं. ते मी परत देणार नाही. पण ते मिळवायची किंमत मी दिली नाही, दुसऱ्याला द्यायला लावली. आणि तो देत असताना बाजूला उभी राहिले. ह्याला कारण आहे, सबब नाही. कारण सांगून झालं.

माईंना खरं कळलं होतं का, अशीही एक शंका मध्येमध्ये येते. बाटलीचा वास ज्यांनी शेडमध्ये ओळखला त्यांना वाटीतला कळला नसेल? नाही. कळला असता तर मुलाचा नमस्कार त्यांनी नाकारला नसता. ती शंका मी माझ्या सोयीसाठी पाळलेली आहे, म्हणून इथेच सोडून देते.

हे कागद लिहून झाले की मी अरविंदपुढे ठेवणार आहे. छापायला पाठवायच्या आधी माझं सगळं तोच वाचतो, शुद्धलेखन सुधारतो. हेही सुधारील. त्याच्याकडे मी काही मागणार नाही. तुमच्याकडेही नाही.

आता तो समोरच बसला आहे. काल जोनच्या कुंपणावरून टोपलीभर स्लो आणले, यंदा फळ मोठं आलं आहे. चष्मा नाकावर ओढून एकेक फळ उचलतो, सुईनं टोचतो, बरणीत टाकतो. बोटं जांभळी झाली आहेत. मघाशी म्हणाला, "आज फार लिहिते आहेस." मी म्हटलं, हो.

इतकी वर्षं हा माणूस माझी फळं टोचतो आहे, आणि त्यातला एक थेंबही त्यानं कधी चाखलेला नाही. माईंना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.